नळीचं दुसरं टोक

२ फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही खोकी आज एकदमच आली. पाहुण्याने ती बाकावर ओळीने मांडली आणि म्हणाला, "घे उस्ताद, स्वयंवर मांडलंय. माळ कुणाला घालायची ते तू बघ."

पाहुणा म्हणजे माझा गॅरेजमधला जोडीदार. ऐन तारुण्यात शटर दुरुस्त करायला म्हणून दोन दिवसांसाठी आला होता, तो अजून गेलेला नाही.

पहिल्या खोक्यात चपटा फिल्टर आहे, गाडीच्या मूळ पेटीतच बसणारा. दुसऱ्यात उघडा शंकू आणि त्याच्यामागे रुंद पाइप. तिसऱ्यात बंद पेटी, तिला बंपरच्या मागून थंड हवा आणून देणारा लांब पाइप. काम तिघांचंही एकच: इंजिनाला हवा पाजायची. जितकी जास्त, जितकी थंड, तितकी ताकद. बोलायला सोपं आहे.

गाडी भिंगरीची. भिंगरी म्हणजे माझी लेक. चालायला लागली त्या दिवसापासून एका जागी टिकली नाही. गाडी दोन दारांची, टर्बोची, वयाने जुनी पण अंगाने घट्ट. इंजिन मी स्वतः बांधलंय, शेवटच्या वॉशरपर्यंत. मार्चमध्ये डोंगरचढणीची शर्यत आहे. एका संघाचा मॅनेजर बघायला येणार आहे. त्यांच्याकडे पुढच्या मोसमासाठी एक जागा रिकामी आहे. ती मिळाली तर भिंगरी विम्याची कचेरी सोडून पगारी ड्रायव्हर होईल. नाही मिळाली तर, ती परवा जेवताना म्हणाली, "मग बास, बाबा. तिशी आली. मग फायलीच."

असं सगळं या तीन खोक्यांवर येऊन बसलंय. लोक अशा वेळी पुस्तकं वाचतात, आलेख बघतात. मी कानाने ठरवतो. मला कुणी शिकवलेलं नाही. रबरी नळीचा एक तुकडा आहे, डॉक्टरच्या गळ्यातल्या वस्तूचा गरीब भाऊ. एक टोक कानात घालायचं आणि दुसरं इंजिनावरून फिरवायचं. कुठला बेअरिंग कुरकुरतोय, कुठल्या सांध्यातून हवा गळतेय, सगळं तिथल्या तिथे कळतं. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या या नळीपाशी.

६ फेब्रुवारी

चपटा फिल्टर बसवला, फिरवून आणला, काढला. आजारी माणसाची उशी बदलावी तसा प्रकार. बाद.

८ फेब्रुवारी, रविवार

माझ्या पिकअपच्या इंडिकेटरची टिकटिक बंद पडलीय. दिवे लागतात, उघडझाप होते, पण टिकटिक नाही. मागच्या महिन्यात रिले बदलला होता. आज पुन्हा नवीन आणून बसवला, त्याचीही तीच गत. हल्लीच्या मालात जीव नाही. दुकानदाराला फोनवर चांगलं सुनावलं. तो काय बोलला ते समजलं नाही, तोंडात सुपारी असल्यासारखा बोलतो.

पाहुणा शेजारी बसला होता. एरवी दुकानदाराला शिव्या घालायची संधी तो सोडत नाही. आज खिडकीतून बाहेर बघत राहिला.

१२ फेब्रुवारी

इंजिनाचं नाही, घरचं लिहितोय.

ही लग्न होऊन आली तेव्हा काम करताना दातांतून बारीक शीळ घालायची. रस्त्यावरच्या पोरांची शिट्टी नव्हे. वाऱ्याला धार लावावी तशी, अगदी शेजारच्या खोलीपर्यंत पोचेल एवढीच. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना, शिवणयंत्रावर. तिला स्वतःला पत्ताही नसायचा. माझ्या आईला ते खपायचं नाही. "बायकांच्या तोंडाला शीळ शोभत नाही," म्हणायची. मी एकदाच आईला उलटून बोललो असेन तर ते यावर. म्हणालो, "असू दे गं. घर स्टार्टला आहे कळतं."

ती शीळ बंद झालीय. कधीपासून ते सांगता येत नाही, अशा गोष्टी बंद झाल्यावर लगेच कळत नाहीत. आज दुपारी जेवायला घरी गेलो, ती ओट्यापाशी पाठमोरी होती, आणि घर एकदम बंद गाडीसारखं वाटलं.

कारण मला ठाऊक आहे. लेकीने डोंगरावर गाडी पळवावी हे तिला पहिल्यापासून पसंत नाही. तोंडाने काही म्हणत नाही, पण माणसाचा राग कुठूनतरी बाहेर पडतोच. बोलतेही हल्ली ताटाकडे बघून, पुटपुटल्यासारखी. दोनदा "काय?" म्हटलं की "काही नाही" म्हणते. मी विचारलं नाही. मला वाटतं, शर्यत नीट पार पडली की आपोआप येईल ठिकाणावर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बंद पेटी बसवून बघितली. बसते सुरेख, ब्रॅकेट-बिकेट घासावं लागलं नाही. भिंगरी कचेरीतून थेट आली आणि चक्कर मारून आली. खूश. मोबाइलवर काहीतरी आकडे दाखवत होती, आत जाणारी हवा किती थंड आहे याचे.

"बघा ना बाबा, वरपर्यंत तापलीच नाही."

"आणि आवाज?"

"आवाजाचं काय?"

"मुकी आहे. पाय दाबला तरी काही बोलत नाही. इंजिन बोललं पाहिजे, नाहीतर मला कळणार कसं आत काय चाललंय?"

"मला बोलकं नकोय, वर पोचवणारं हवंय."

पाहुणा पान्याने टेबलावर ठोकत म्हणाला, "अगं, ह्याला गाडी नकोय, गवई हवाय."

हसलो आम्ही तिघेही. पण मी पेटी काढली. जे मला ऐकू येत नाही त्याची हमी मी देत नाही. हा माझा नियम आहे, आणि या नियमावर हे गॅरेज उभं आहे.

२१ फेब्रुवारी

उघडा शंकू बसवला. काय सांगू!

पाय दाबला की छातीत घुमतं. भरल्या विहिरीत हाक मारावी तसं. कितीतरी दिवसांनी इंजिन नीट ऐकलं. मधल्या काळात सगळ्याच गाड्या कशा कापसात गुंडाळल्यासारख्या वाटत होत्या, मला वाटायचं नव्या गाड्याच तशा. भिंगरीला शेजारी बसवलं आणि स्वतः चालवली. उतरताना डोळ्यांत पाणी होतं. धूळ म्हणालो.

ठरलं. हाच.

शंकूची एक खोड आहे. तो इंजिनाशेजारी उघडा बसतो आणि तापलेली हवा ओढतो. त्याला मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा करणार. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. फिल्टरच्या मागे हवा मोजणारा सेन्सर असतो. तो जेवढी हवा मोजतो त्या हिशेबाने इंजिनाला पेट्रोल मिळतं. सेन्सरच्या पुढे पाइपात कुठे जरी भोक राहिलं, तर तिथून न मोजलेली चोरटी हवा आत शिरते. पेट्रोल कमी पडतं आणि भर चढावर इंजिन आतून जळतं. म्हणून तिथला रबरी सांधा मी विकतचा घेतला नाही. स्वतः मापाने कापला, कडा घासल्या, दोन्ही पट्ट्या स्वतः आवळल्या. पाहुण्यालाही हात लावू दिला नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी भिंगरी शहराबाहेरच्या चढावर गाडी घेऊन गेली. परत आली ती बॉनेट उघडूनच उभी राहिली.

"बाबा, शीळ येतेय."

"कसली?"

"पाय पूर्ण दाबला की बारीकशी. अशी." तिने ओठांचा चंबू करून दाखवला. मी म्हणालो, टर्बो असतो तो, टर्बो शीळ घालतोच. ती म्हणाली, "टर्बोची मला माहितेय. ही त्याच्या वर आहे. पातळ."

मग काय, नळी काढली. पाहुण्याला आत बसवून इंजिन रेस करायला लावलं आणि एकेक सांधा घेतला. शंकूचा गळा, सेन्सरची बैठक, माझा रबरी सांधा वरून, खालून, बाजूने. पुन्हा एकदा सगळं. घुमणं स्वच्छ ऐकू येत होतं. बाकी काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही नाही.

"नाही," म्हणालो.

"नक्की?"

या नळीपुढे 'नक्की?' असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मी नुसतं तिच्याकडे बघितलं. मग तिने पाहुण्याकडे बघितलं. "काका, तुम्हाला?"

पाहुणा गाडीतून उतरत म्हणाला, "ह्याने नळी लावली ना? मग झालं."

ती जरा घुटमळली. म्हणाली, लॅपटॉपवाल्याकडे एकदा नेऊया का, तारा जोडून तो हवापेट्रोलचं प्रमाण बघेल, तासाभराचं काम. हा लॅपटॉपवाला पलीकडच्या गल्लीत बसतो. त्याच्या हाताला काळं लागलेलं मी कधी बघितलं नाही. म्हणालो, "ने ना. इंजिनही त्यालाच बांधू दे."

लागलं तिला. बोलायला नको होतं, पण तिनेही विचारायला नको होतं. थोड्या वेळाने जवळ येऊन बॉनेट लावलं आणि म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही नाही म्हणता म्हणजे नाही. माझ्याच मनात पाल चुकचुकत असेल."

नंतर शांतपणे पुन्हा एकदा नळी लावली. नाहीच.

११ मार्च

आडोशाचा पत्रा तिसऱ्यांदा केला. आता कडेला बोट फिरवलं तरी अडत नाही. दरवाजापाशी भिंगरी आणि तिची आई हलक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी गेल्यावर गप्प. पुन्हा तेच राजकारण.

२१ मार्च, शनिवार

सरावाची फेरी झाली. डोंगराच्या पायथ्याशी तंबूत बसून लिहितोय. वेळ चांगली आली, तिच्या गटात वरच्या तिघांत. मॅनेजर येऊन गाडी बघून गेला. उंच, शांत माणूस. माझ्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मान हलवणाऱ्या माणसाला काम कळतं.

भिंगरी सुटली तेव्हा सुरुवातीच्या रेषेपाशी उभा होतो. काय घुमली गाडी! शेजारच्या संघाचा एक म्हातारा मेकॅनिक होता, त्याने कानाशी बोट नेऊन हलवलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मी हसून अंगठा दाखवला. तो जरा बघत राहिला आणि मग गेला. जळतात लोक.

उद्या.

२२ मार्च, रविवार

तिसरा पिस्टन. शेवटच्या वळणाआधी. तिला काही झालं नाही.

बाकी लिहवत नाही.

२५ मार्च

काल इंजिन उघडलं. पाहुणा आणि भिंगरी बाजूला होते. तिसऱ्या पिस्टनचा माथा मेणासारखा ओघळलेला. असं फक्त पेट्रोल कमी पडल्यावर होतं. म्हणजे चोरटी हवा. म्हणजे सेन्सरच्या पुढे. म्हणजे माझ्या पाइपात.

सांधा सोडवला. पट्टीची कड रबराच्या पायरीवर बसली होती आणि तिथे चीर गेली होती, नखाएवढी. इंजिन बंद असताना ओठ मिटलेले. बोटांनी ताणलं की उघडायची. मी कापलेला सांधा, मी आवळलेली पट्टी.

असं होतं कधी. रबर आहे. पण मग नळी? मी म्हणालो, "ही चीर तेव्हा नसणारच. नंतर गेली असणार, शर्यतीतच. त्या दिवशी असती तर मला ऐकू आलीच असती."

पाहुणा हात पुसत होता, स्वच्छ झालेले हातही पुसतच होता.

"काय रे?"

"तेव्हाही होती," तो म्हणाला.

"कशावरून?"

"ऐकू येत होती की."

"कुणाला?"

"मला. भिंगरीला. समोरच्या चहावाल्याला. तो विचारायला आला होता, गाडीत चिमणी अडकलीय का म्हणून." त्याने फडकं खाली ठेवलं. "तू नळी लावून नाही म्हणालास, तेव्हा मला वाटलं माझेच कान वाजतायत. खरंच वाटलं. आजवर तुझी नळी कधी चुकली होती?"

"आणि इंडिकेटर?" माझ्या तोंडून एकदम निघालं. का ते मला माहीत नाही.

"वाजतो," पाहुणा म्हणाला. "पहिल्यापासून वाजतो."

मी भिंगरीकडे बघितलं. ती बाकावर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन, पोर घ्यावं तसं.

"तुलाही ऐकू येत होती? डोंगरावर?"

"खालपासून."

"मग पाय काढायचास ना! इंजिन वाचलं असतं."

"काढणारच होते, मधल्या वळणावर." ती हेल्मेटची काच वर-खाली करत होती. "मग म्हटलं, बाबा नाही म्हणालेत. लहानपणापासून तुमच्या कानाने ऐकलंय बाबा, माझे मी वापरलेच नाहीत."

जागा दुसऱ्या एका मुलाला दिली. मॅनेजरने तिला फोन करून सांगितलं, चांगल्या शब्दांत.

२७ मार्च

भिंगरीने कचेरीतून सुटी घेतली आणि मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी तीच चालवत होती. वळणावर इंडिकेटर लावला तेव्हा मी डॅशबोर्डकडे बघत राहिलो. बाण लुकलुकत होता.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर एक चष्मेवाली मुलगी मशीनपाशी. म्हणाली, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी.

सुरुवातीला आले. जाडे, घुमणारे. दाबत गेलो, बरोबर येतंय याचा आनंदही होत होता. मग थांबलं. बराच वेळ काही नाही. काचेतून बघितलं तर तिचा हात मशीनवर फिरत होता. वाटलं, अडकलं असेल काहीतरी. अशा नाजूक मशिनींचं असंच असतं. मी काचेवर टकटक केलं आणि हाताने खूण केली: सुरू करा.

तिने माझ्याकडे बघितलं. मान हलवली.

सुरूच होतं.

मग आलेख दिला. मी जन्मभर लॅपटॉपवाल्याच्या आलेखांना हसलो, पण मला आलेख वाचता येतात. डावीकडून रेघ बरी चालत येते आणि मग एकदम दरीत उडी मारते. असा आलेख इंजिनाचा आला असता तर मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, वर दमच उरलेला नाही, उघडावं लागेल.

डॉक्टर वयाने माझ्याएवढेच. म्हणाले, हे आजचं नाही, पुष्कळ वर्षांचं आहे. ग्राइंडर, हवेची गन, हातोडे. घुमणारे जाडे आवाज राहतात, बारीक आधी जातात. विचारलं, "काम करताना कानात बोळे घालत होतात का?"

मी म्हणालो, "बोळे घातले तर ऐकू कसं येणार?"

ते लिहायचे थांबले. भिंगरीने माझ्या मनगटावर हात ठेवला. मला वाटलं होतं ते हसतील.

यंत्र देणार आहेत, दोन्ही कानांना. बोलणं बरंचसं कळेल म्हणाले. बाकीचं जे गेलं ते गेलं.

३० मार्च, सोमवार

गॅरेजला गेलो आणि दुपारीच परत आलो. दार लोटलेलं होतं. ही खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसली होती, भिंगरीच्या कचेरीच्या कपड्यांना टिपा मारत. उजेड तिच्या चेहऱ्यावर बाजूने पडला होता. मी उंबऱ्यात चपला काढत होतो, आणि तिचे ओठ दिसले.

थोडे पुढे आलेले. मध्ये जरासे हलणारे. उंच सुरावर तिची भुवई वर जाते, नेहमी जायची. ती गेली. खाली आली. पुन्हा गेली.

मी चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. यंत्राची धडधड ऐकू येत होती. फक्त यंत्राची.

तिने कधी सोडलीच नव्हती.

या घरात मी महिनोन्‌महिने रागावून जेवलो. ही रुसलीय म्हणून. वही मागे उलटून बघितली, बारा फेब्रुवारीला काय काय लिहिलंय ते. वाचवेना.

टीप संपली तेव्हा तिने वर बघितलं आणि दचकली. काहीतरी म्हणाली. मी जवळ गेलो तेव्हा पुन्हा म्हणाली, "कधी आलात? हाक तरी मारायची."

"तू शीळ घालत होतीस."

"घालत असेन." लाजली ती. इतक्या वर्षांनीही लाजते. मग तिच्या लक्षात आलं असावं, मी कशावरून म्हणतोय ते. तिने कात्री उचलली, धागा आधीच कापलेला होता तरी.

"तुला माहीत होतं?"

"मागल्या वर्षी तुम्ही म्हणालात, झाडावरचे पक्षी कुठे गेले कोण जाणे. तेव्हा झाडावर नुसता कलकलाट होता."

"मग सांगायचंस."

"तुम्हाला?" एवढंच म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. मी विचार केला, आणि खरंच, मला कोण सांगणार होतं?

५ एप्रिल, रविवार

इंजिन पुन्हा बांधायला घेतलंय. भिंगरी म्हणाली, कशाला आता. मी म्हणालो, उघडं इंजिन टेबलावर ठेवणं चांगलं दिसत नाही. ती कचेरीत जाते, रविवारी येते. शर्यतीचं नाव कुणी काढत नाही.

आज खोकी पुन्हा बाकावर मांडली. शंकू, आडोसा, पाइप बाजूला ठेवला. आडोसा छान झाला होता. भिंगरीला विचारलं, "कुठलं?"

"मी सांगू?"

"गाडी कुणाची आहे?"

तिने बंद पेटी उचलली. मुकी. आम्ही ती बसवली; सांध्याची पट्टी पाहुण्याने आवळली, मी विजेरी धरली. पाहुणा म्हणाला, "बघ, शेवटी मुकीलाच माळ घातली." कुणी हसलं नाही, मग तोच हसला.

एका जुन्या गाडीच्या इंजिनावर मी तिला नळी शिकवली. एक टोक तिच्या कानात, दुसरं माझ्या हातात. मी टोक फिरवत होतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एका जागी तिचे डोळे बारीक झाले.

"इथे," ती म्हणाली. "कुजबुजल्यासारखं."

मी टोक हलवलं. "आता?"

"गेलं. मागे या. हां, इथे."

मॅनिफोल्डची गॅस्केट फाटली होती. मी आधीच ओळखलं होतं, त्या गाडीच्या धुरावरून. तिला तसं बोललो नाही. नळी तिच्याकडेच ठेव म्हणालो. तिने ती गुंडाळून पिशवीत घातली आणि मग काढून परत माझ्या हातात दिली. "आज राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या रविवारी नेईन."

म्हणून ती घरी आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली तर ही म्हणाली, "हे तेलकट इथे कशाला?" मी पुसली. साबणाने धुतली, दोन्ही टोकं. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो, एक टोक कानात घातलं आणि दुसरं तिच्यापुढे धरलं.

"घाल."

"काय?"

"शीळ."

"वेड लागलंय का? कुणी बघेल."

"बघू दे."

तिने खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग माझ्या हातातून टोक घेतलं आणि ओठांपाशी नेलं. ओठ पुढे आले. भुवई वर गेली.

नळीतून हवा आली. ऊन, किंचित ओलसर. थोडी लांब, मग दोन आखूड, मग पुन्हा लांब. चाल कुठली ते मला कळलं, कारण ती नेहमी तिथेच श्वास घेते.

थांबून तिने डोळ्यांनी विचारलं: आली?

मी हो म्हणालो. ती पुन्हा घालू लागली. मी नळी काढली नाही. हवा येत राहिली.